विश्लेषण : दुभाजक कारच्या मापाचा, वाहतूक ट्रकची… सोलापूरच्या महामार्गांवर धोका नेमका कुठे?

दुभाजकामुळे समोरासमोरच्या धडका कमी होतात, हे खरे. मात्र दुभाजकाची उंची, रुंदी आणि त्यातले कट ठरवताना अवजड वाहनाची लांबी आणि वजन विचारात घेतले नाही, तर तोच दुभाजक ट्रकसाठी आणि ट्रकभोवतीच्या प्रत्येकासाठी धोक्याचा ठरतो. ऊस, कांदा आणि सिमेंटची वाहतूक वाहणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

सोलापूरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

पुणे–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 65 सोलापुरातून जातो. विजयपूर आणि धाराशिवकडे जाणारा 52 क्रमांकाचा, अक्कलकोटमार्गे कलबुर्गीकडे जाणारा 150-ई आणि सांगली, सांगोला, मंगळवेढ्यामार्गे येणारा 166 क्रमांकाचा महामार्गही येथेच येऊन मिळतो. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगण यांच्यातील मालवाहतुकीचा मोठा भाग या चौकातून पुढे सरकतो. केगाव–हत्तूर बाह्यवळण रस्त्यामुळे पुण्याकडून विजयपूरकडे जाणारी वाहने आता शहराबाहेरून जाऊ शकतात. पण जिल्ह्यातील ट्रकची संख्या त्यामुळे कमी होत नाही.

त्यात स्थानिक वाहतुकीची भर आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. गाळप हंगाम सुरू झाला की ऊस भरलेले ट्रक, ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस महामार्गावर असतात. कांद्याच्या हंगामात हैदराबाद रस्त्यावरील बाजार समितीकडे मालाच्या गाड्यांची रीघ लागते. होटगी परिसरातील सिमेंट प्रकल्पांची आणि फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची वाहतूक वेगळीच. आषाढी, कार्तिकीला पंढरपूरकडे पायी निघालेले वारकरी याच रस्त्यांच्या कडेने चालतात. म्हणजे ताशी 100 किलोमीटरने धावणारी कार, 80 ने धावणारा ट्रक, 15-20 च्या वेगाने जाणारी उसाची ट्रॉली आणि पायी चालणारा माणूस हे सगळे एकाच रस्त्यावर आहेत. या सगळ्यांच्या मधोमध दुभाजक आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4 लाख 61 हजार 312 रस्ते अपघात झाले आणि 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यातील 36 टक्क्यांहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले. महाराष्ट्रात त्या वर्षी 15 हजारांहून अधिक जणांनी जीव गमावला. देशात 2023 मध्ये मृतांचा आकडा 1 लाख 72 हजारांच्या पुढे गेला. महामार्ग चौपदरी झाले, दुभाजक आले. तरी मृत्यू घटलेले नाहीत.

दुभाजकाचे प्रकार किती आणि त्याचे काम काय?

दुभाजकाचे पहिले काम दोन दिशांची वाहतूक वेगळी ठेवणे. दुसरे, ताबा सुटलेल्या वाहनाला सावरायला जागा देणे. तिसरे, वळणाऱ्या वाहनाला थांबण्यासाठी सुरक्षित जागा देणे. चौथे, रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्यांची तिरीप अडवणे.

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला, दोन्ही बाजूंना कर्ब बसवून मध्ये माती आणि झाडे असलेला उंच दुभाजक. दुसरा, रस्त्यापेक्षा खोलगट, गवताळ पट्ट्यासारखा दुभाजक. तिसरा, जागा कमी असेल तेथे काँक्रीटची भिंत किंवा पत्र्याचा क्रॅश बॅरियर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) चौपदरी महामार्गांसाठीच्या मार्गदर्शिकेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये मोकळ्या, सपाट भागातील उंच दुभाजकाची रुंदी साधारण साडेचार ते पाच मीटर, तर वस्तीच्या भागात दोन ते अडीच मीटर धरली आहे. खोलगट दुभाजकाला सात मीटर किंवा त्याहून अधिक जागा लागते. भूसंपादन महाग असल्याने बहुतेक ठिकाणी उंच आणि अरुंद दुभाजकच बांधला जातो.

दुभाजक असूनही ट्रक पलीकडे कसा जातो?

उंच दुभाजकाचा कर्ब साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा असतो. मोठ्या ट्रकच्या चाकाची उंची सुमारे एक मीटर असते. एवढ्या मोठ्या चाकासाठी हा कर्ब गतिरोधकाइतकाच अडथळा आहे. कर्बचे काम पाणी वळवणे आणि रस्त्याची कड दाखवणे हे आहे. वेगातले वाहन रोखणे हे त्याचे काम नाहीच. मातीचा भराव आणि कण्हेरीची झुडपे ट्रकचा वेग थोडा कमी करतील, पण त्याला थांबवू शकत नाहीत.

हिशेब सोपा आहे. 2018 मध्ये केंद्राने वाहनांची भारमर्यादा वाढवली. तीन अॅक्सलच्या ट्रकला मालासह 25 ऐवजी 28.5 टनांची परवानगी मिळाली. असा ट्रक ताशी 80 किलोमीटरने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या 1,200 किलो वजनाच्या कारच्या सुमारे 15 पट असते. तो 20 अंशांच्या कोनात दुभाजकाकडे वळला, तर बॅरियरला 800 किलोज्यूलहून अधिक ऊर्जा आडव्या दिशेने झेलावी लागते. त्याच कोनात कार आली तर हा आकडा सुमारे 55 किलोज्यूल भरतो.

बॅरियरची चाचणी करणाऱ्या युरोपीय मानकात म्हणूनच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एन-2 हा स्तर दीड टनाच्या कारसाठी, एच-2 हा 13 टनांच्या बससाठी, तर एच-4 हा 30 ते 38 टनांच्या मालवाहू वाहनांसाठी आहे. कारच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला बॅरियर भरलेल्या ट्रकपुढे टिकेल असे नाही. बाहेरून मात्र दोन्ही पत्रे सारखेच दिसतात.

उंचीचाही प्रश्न आहे. कारचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे अर्ध्या मीटरवर, तर भरलेल्या ट्रकचा दोन मीटरच्या आसपास असतो. भरलेला ट्रक उलटण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के इतका आडवा जोर पुरतो. कारला त्याच्या दुपटीहून अधिक लागतो. उसाच्या गाडीत माल हौद्याच्या वर रचलेला असल्याने ती आणखी लवकर कलते. कमी उंचीच्या बॅरियरला धडकलेला ट्रक खाली अडतो आणि वरचा भाग पलीकडे कोसळतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘न्यू जर्सी’ काँक्रीट बॅरियरची मूळ उंची सुमारे 81 सेंटिमीटर आहे. अमेरिकेत अवजड ट्रकच्या चाचणीसाठी ती सुमारे 107 सेंटिमीटरपर्यंत वाढवावी लागली.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने काय शिकवले?

या मार्गावर रुंद दुभाजक सुरुवातीपासून होता. रुंद जागा असली की वाहन आपोआप सावरेल, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात वाहने दुभाजक ओलांडून समोरच्या मार्गिकेत जात राहिली. 23 डिसेंबर 2012 रोजी ऊर्से टोलनाक्याजवळ दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोच्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, तसेच पेंडसे यांच्या लहान मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर दुभाजकात बॅरियर बसवण्याची मागणी जोर धरू लागली आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तेथे पोलादी दोरांचे, ‘ब्रायफेन’ या नावाने ओळखले जाणारे बॅरियर बसवले.

2016 मध्ये या मार्गावर 151 मृत्यू झाले होते. त्याच वर्षी महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी ‘शून्य मृत्यू मार्ग’ हा उपक्रम हाती घेतला. धोकादायक कठड्यांची टोके झाकणे, बॅरियरमधील फटी बुजवणे, रस्त्याकडेला थांबणाऱ्या ट्रकवर कारवाई आणि अपघातानंतर तातडीची मदत अशा अनेक गोष्टी एकत्र करण्यात आल्या. पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या लक्षणीय घटली.

हा अनुभव सोलापूरला जसाच्या तसा लागू होत नाही. पोलादी दोर धडकेनंतर काही मीटर बाहेरच्या बाजूला ताणला जातो. रुंद दुभाजकात हे चालते. अरुंद दुभाजकात तोच दोर समोरच्या मार्गिकेत शिरेल. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना बंदी आहे. सोलापूर–पुणे महामार्गावर दुतर्फा गावे आणि शेते आहेत. म्हणून येथे दुभाजकाइतकाच महत्त्वाचा ठरतो त्यातला कट.

कट हा सर्वांत कच्चा दुवा का?

दुभाजकाची रुंदी पाच मीटर आणि मालट्रकची लांबी 12 मीटर धरू. यू-टर्न घेण्यासाठी हा ट्रक कटमध्ये आडवा थांबला की त्याचे सात मीटर दुभाजकाबाहेर राहतात. एका दिशेच्या दोन मार्गिकांची मिळून रुंदी नेमकी सात मीटर असते. म्हणजे ट्रक दोन्हीकडे सारखा बाहेर राहिला तर दोन्ही दिशांची उजवी, वेगवान मार्गिका अडते. एकाच बाजूला राहिला तर अख्खा रस्ता बंद होतो. कार त्याच कटमध्ये सुरक्षित मावते. वस्तीतल्या अडीच मीटरच्या दुभाजकात तर कारही पूर्ण मावत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ट्रकपेक्षाही लांब पडतो.

वळायलाही जागा अपुरी आहे. मोठ्या ट्रकला एका दमात पूर्ण वळण घेण्यासाठी 20 ते 24 मीटर रुंदी लागते. उजव्या मार्गिकेतून वळताना मिळतात ती स्वतःच्या मार्गिकेचे साडेतीन, दुभाजकाचे पाच, समोरचे सात आणि साइडपट्टीचे दीड मिळून 17 मीटर. म्हणून चालक डाव्या मार्गिकेतून वळण घेतो किंवा मध्येच गाडी मागे घेतो. दोन्ही वेळा मागून येणाऱ्याला ट्रक काय करतोय, हे कळत नाही.

भरलेला ट्रक थांबलेल्या स्थितीतून निघून समोरचे सात मीटर ओलांडून स्वतःची लांबी बाहेर काढेपर्यंत साधारण नऊ सेकंद जातात. ताशी 100 किलोमीटरने येणारी कार तेवढ्या वेळात सुमारे 250 मीटर अंतर कापते. याच वेगात चालकाने धोका पाहून गाडी पूर्ण थांबवण्यासाठी आयआरसी 180 मीटर अंतर धरते. रात्री कारच्या खालच्या झोतात एवढे अंतर दिसतच नाही. समोर आडव्या उभ्या ट्रकचे मागचे लाल दिवे बाजूने दिसत नाहीत. बाजूला परावर्तक पट्टी नसेल किंवा ती धुळीने माखली असेल, तर चालकाला ट्रक दिसतो तो धडकेच्या क्षणी.

नियमानुसार दोन कटमधील अंतर साधारण दोन किलोमीटरपेक्षा कमी नसावे आणि कटजवळ वळणाऱ्या वाहनासाठी जादा मार्गिका असावी. प्रत्यक्षात महामार्गांवर हॉटेल, पेट्रोल पंप किंवा शेतरस्त्यासमोर दुभाजक फोडून केलेले अनधिकृत कट आढळतात. तेथे ना फलक असतो, ना दिवा, ना जादा मार्गिका.

कट बंद केले की प्रश्न सुटतो का?

सुटत नाही, तो जागा बदलतो. एखाद्या गावाची शेती महामार्गाच्या पलीकडे असेल आणि कट बंद झाला, तर शेतकऱ्याला दोन किलोमीटर पुढे जाऊन वळायचे आणि तेवढेच मागे यायचे, असा चार किलोमीटरचा फेरा पडतो. दिवसातून चार खेपा असतील तर 16 किलोमीटरचे डिझेल. त्याऐवजी तो दोनशे मीटर उलट्या दिशेने जातो. म्हणजे ज्या समोरासमोरच्या धडका टाळण्यासाठी दुभाजक बांधला, त्या पुन्हा सुरू होतात. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल आणि ती उलट्या दिशेने येत असेल, तर रात्री भरधाव ट्रकच्या चालकाला सावरायला काही सेकंदही मिळत नाहीत. म्हणूनच विरुद्ध दिशेने जाणाऱ्यांवर केवळ दंडाची कारवाई अपुरी पडते. ती चार दिवस चालते, सोय मात्र रोजची लागते.

दुभाजकाने मागून बसणारी धडकही टळत नाही. मार्च 2022 मध्ये पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला सोलापूर–पुणे महामार्गावर कोंडीजवळ ट्रकने धडक दिली आणि काही वारकऱ्यांचा मृत्यू झाला. हा रस्ता चौपदरी आहे, दुभाजकही आहे. देशातील एकूण अपघातांत मागून धडकेचा वाटा सुमारे एकपंचमांश आहे आणि तो समोरासमोरच्या धडकांपेक्षा अधिक आहे. संथ आणि वेगवान वाहतूक एकाच मार्गिकेत राहिली, तर दुभाजक निम्मेच काम करतो.

ट्रक उजव्या मार्गिकेतून, दुभाजकाला खेटून का जातात?

नियमाने अवजड वाहनांनी डावीकडून जायला हवे. पण डाव्या मार्गिकेत दुचाकी, ट्रॅक्टर, थांबलेले ट्रक, गावांचे फाटे आणि जड वाहनांमुळे खचलेला पृष्ठभाग असतो. वारंवार ब्रेक आणि गिअर बदलण्यापेक्षा चालक उजवी मार्गिका धरतात. त्यामुळे सर्वांत जड वाहन कर्बच्या सर्वांत जवळ असते. झोपेची एक डुलकी किंवा उन्हाळ्यात फुटलेला पुढचा टायर एवढे कारण ट्रक दुभाजकावर चढायला पुरते. कर्बवर आदळल्याने स्टीअरिंगची जोडणी तुटली, तर उरलेला ताबाही जातो.

झाडांचीही एक बाजू आहे. कण्हेर, बोगनवेल यांसारखी दीड मीटरपर्यंतची झुडपे समोरचा प्रकाश अडवतात, ती हवीत. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ती टँकरच्या पाण्यावरच जगतात आणि पाणी घालणारा टँकर उभा राहतो तो वेगवान मार्गिकेत. मागे पुरेशा अंतरावर शंकू, बाणाचा फलक आणि चमकता दिवा नसेल, तर टँकर आणि त्यावरचे मजूर थेट धोक्यात येतात. कटजवळची झुडपे छाटली नाहीत, तर वळणाऱ्या चालकाला समोरची वाहने दिसत नाहीत.

उपाय काय आहेत?

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुभाजक रात्री दिसणे. दुभाजक जेथे सुरू होतो त्या टोकावर पिवळे-काळे धोकादर्शक फलक, कर्बला रंग, परावर्तक खुणा आणि रस्त्यावर कॅट्स आय या गोष्टी काही दिवसांत करता येतात.

दुसरा, कटचे माप ट्रकवरून ठरवणे. जेथे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या वळतात, तेथे यू-टर्नसाठी रस्ता बाहेरच्या बाजूने रुंद करणे, थांबण्यासाठी वेगळी मार्गिका देणे आणि तेथे दिवे लावणे गरजेचे आहे. साखर कारखान्यांच्या फाट्यांवर हे काम हंगामापूर्वी करता येईल.

तिसरा, कट बंद करण्याआधी पर्याय देणे. भुयारी मार्ग आणि दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता असेल, तर ट्रॅक्टरला महामार्गावर यावेच लागत नाही. हा खर्चिक उपाय आहे. पण उलट्या दिशेची वाहतूक आणि मागून बसणाऱ्या धडका हे दोन्ही धोके एकदम कमी करणारा हाच मार्ग आहे.

चौथा, बॅरियरची निवड वाहतुकीवरून करणे. अमेरिकेतील मार्गदर्शिकेनुसार प्रवेश नियंत्रित असलेल्या जलद मार्गावर रोज 20 हजारांहून अधिक वाहने जात असतील आणि दुभाजक 30 फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर त्यात बॅरियर बसवण्याची शिफारस आहे. ब्रिटनने 2005 पासून वर्दळीच्या मोटरवेंवर काँक्रीट बॅरियरचे धोरण स्वीकारले. आपल्याकडे बॅरियरसाठी आयआरसी:119 ही मार्गदर्शिका 2015 पासून आहे. उतार, वळणे, पूल आणि वस्त्या अशा ठिकाणी ट्रक रोखू शकेल असा उंच काँक्रीट बॅरियर बसवायचा की सर्वत्र एकच पत्रा लावायचा, हा निर्णय आराखडा करणाऱ्यांचा आहे. काँक्रीट भिंतीची किंमतही आहे: ती लवचिक नसल्याने कारमधील प्रवाशांना धडक जास्त बसते. त्यामुळे ती सरसकट न लावता ट्रकचा धोका जास्त असलेल्या टप्प्यांवर लावणे योग्य.

जबाबदारी कोणाची?

महामार्गाला नुकसान पोहोचवणे हा राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 8-बी नुसार गुन्हा आहे. दुभाजक फोडणाऱ्यावर या कलमाखाली कारवाई होऊ शकते. दुसरीकडे, मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 198-ए नुसार रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभालीची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक आहे. पण रस्त्याच्या रचनेलाही अपघाताचे कारण मानता येते, हे या कलमाने मान्य केले आहे.

तरीही अपघातानंतरची चर्चा बहुतेक वेळा ‘चालकाचा ताबा सुटला’ या वाक्यावर थांबते. ताबा सुटला हे खरे असेलही. पण त्यानंतर ट्रक किती उंचीचा कर्ब चढला, कट अधिकृत होता का, टोकावर परावर्तक होते का, बॅरियर कोणत्या क्षमतेचा होता, हे नोंदवले तरच पुढचा अपघात टळतो. केंद्राच्या ‘आयरॅड’ या अपघात नोंद प्रणालीत पोलिसांबरोबर महामार्ग अभियंत्यांनाही माहिती भरण्याची सोय आहे. 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात अथवा दहा मृत्यू झाले, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे ठिकाण यादीत येण्याआधी एवढे बळी जाऊ द्यावे लागतात. कटची रुंदी आणि ट्रकची लांबी मोजण्यासाठी मात्र फक्त टेप लागतो.

नागरिकांनाही यात काही करता येते. फुटलेला दुभाजक, अनधिकृत कट, तुटलेला बॅरियर किंवा बंद पडलेले दिवे दिसल्यास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या 1033 या मदत क्रमांकावर कळवता येते. तक्रार करताना जवळच्या किलोमीटर दगडावरील आकडा आणि दिशा सांगितली, तर ठिकाण लगेच सापडते. गाळप हंगामापूर्वी महामार्ग प्राधिकरण, आरटीओ, पोलीस आणि साखर कारखाने यांनी एकत्र बसून जिल्ह्यातील ट्रक वळण्याच्या जागांची यादी केली, तर कोणता कट ठेवायचा, कोणता बंद करायचा आणि कोठे भुयारी मार्ग मागायचा, हे अपघाताची वाट न पाहता ठरवता येईल.